सोसण्याचे मोजमाप



शेतकऱ्याच्या संकटाची मोजदाद महाराष्ट्राला नवी नाही. पिकाची पैसेवारी निघते, थकबाकीच्या याद्या होतात आणि अखेरीस प्रेतांची गणती होते. केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ साली देशात शेतकरी व शेतमजूर मिळून ११,२९० आत्महत्यांची नोंद केली. त्यांपैकी ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. या मोजदादीत आता आणखी एका मापाची भर पडली आहे. आपत्तीला तोंड देऊन पुन्हा उभे राहण्याचे मनोबल शेतकऱ्याजवळ किती आहे, हे अभ्यासक मोजू पाहत आहेत.

अशा मापांपैकी कॉनर आणि डेव्हिडसन या अमेरिकन संशोधकांची २००३ सालची मोजपट्टी सर्वाधिक प्रसिद्ध आहे. तीत २५ विधाने असतात. प्रत्येक विधान स्वतःला कितपत लागू पडते, याचे शून्य ते चार असे गुण उत्तर देणाऱ्याने द्यायचे आणि त्यांची बेरीज शंभरपैकी धरायची. या प्रयत्नाला थोतांड म्हणून उडवून लावणे चूक ठरेल. मनाचे दुखणे शास्त्रशुद्ध रीतीने विचारले, तर ते वेळीच हाती लागते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने मनोबल नव्हे, तर नैराश्य मोजले आणि मोजून न थांबता गावातच समुपदेशनाची व पुढील उपचारांची सोय केली. नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण त्या काळात सुमारे ४ टक्क्यांवरून सुमारे २७ टक्क्यांवर गेले. मोजमापामागून मदत येते, तेव्हाच त्याचे सार्थक होते, हा त्यातला धडा आहे.

मात्र मनोबलाच्या मापात एक गफलत दडलेली आहे. पती गेल्यावर कर्ज, सासूसासरे आणि मुले यांचा भार उचलून कोरडवाहू कापूस पेरणारी बाई या परीक्षेत कदाचित उत्तम गुण मिळवील. परंतु ते तिचे सामर्थ्य आहे की दुसरी वाटच नसल्याचा पुरावा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय सातबारावर तिचे नाव नसेल, तर शेतकऱ्यांच्या पाहणीत तिला प्रश्न विचारला जाईलच असेही नाही. पुरुषाचे उत्तरही निर्भेळ नसते. ओसरीवर भाऊबंद बसलेले असताना ‘खचलो आहे’ असे कोणता कर्ता पुरुष सांगेल? त्याची अब्रू गुण वाढवते आणि दुखणे झाकून ठेवते.

याहून गंभीर प्रश्न राजकीय आहे. मनोबल हा व्यक्तीचा गुण ठरला, की त्याचा अभाव हा व्यक्तीचा दोष ठरतो. मग भाव कोसळला, बियाणे उगवले नाही, सावकार दारात आला, या साऱ्यांना बगल देऊन शेतकऱ्याला खंबीर राहण्याचे वर्ग भरवता येतात. मदतीचे निकष माणसांची वाटणी कशी करतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाख रुपयांसाठी जमीन, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांचे कागद तपासून मृत्यूसुद्धा ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ठरवले गेले. उद्या मनोबलाचा आकडा अशाच निकषांच्या रांगेत जाऊन बसला, तर ज्याचे गुण अधिक त्याला मदतीची गरज नाही आणि ज्याचे कमी तो मुळातच दुबळा, असा दुहेरी अन्याय होईल.

मनोबल कोठून येते, याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १९७२च्या दुष्काळात पिके बुडाली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. खडी फोडणाऱ्यांत मजूर होते, तसेच जमीनवाले शेतकरीही होते. त्या वर्षी ग्रामीण महाराष्ट्राने तग धरला, याचे श्रेय लोकांच्या चिवटपणाला आहेच. पण आठवड्याला हाती पडणाऱ्या मजुरीला ते अधिक आहे. त्या अनुभवातून, लोकांच्या आणि चळवळीच्या रेट्यामुळे, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. मनाला आधार देणारी गोष्ट हक्क म्हणून कायद्यात लिहिता येते, हे त्या कायद्याने दाखवले.

म्हणून कार्यकर्त्यांनी या मोजमापाला विरोध न करता त्याला अटी घालाव्यात. प्रश्नावली गावच्या बोलीत असावी आणि प्रश्न एकांतात विचारले जावेत. शेतात राबणाऱ्या स्त्रीला, बटाईदाराला आणि मजुरालाही ते विचारले जावेत. उत्तरे गुप्त राहावीत आणि कोणत्याही सरकारी मदतीशी त्यांचा संबंध जोडू नये. ज्याचे मन ढासळलेले आढळेल, त्याच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी उपचार आणि औषध खात्रीने मिळावे. ते नसेल, तर पाहणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि मनोबलाच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या घरावरचे कर्ज, त्या हंगामाचा उत्पादनखर्च आणि हाती आलेला भाव हे तीन आकडे लिहिले जावेत. हे चार रकाने गावागणिक चावडीवर एकत्र वाचले गेले, तर कमी काय पडले, शेतकऱ्याचे धैर्य की त्याच्या मालाचा दाम, याचा निवाडा गाव स्वतःच करील.