टाके घातले म्हणजे झालं, असं नाही



मागच्या वर्षी ऐन सोयाबीनच्या सोंगणीत माझ्या जाऊबाईच्या पोटात कळा उठल्या. १०८ ला फोन केला, गाडी आली आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटलेलं होतं. जीव वाचला.

चौथ्या दिवशी ती घरी आली. सासूबाईंनी मायेनं पट्टी काढली आणि जखमेवर हळद-तेल लावलं. मी एवढ्या गटांच्या बैठका घेते, पण घरात ‘आई, राहू द्या’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. दोन दिवसांनी ताप चढला, टाक्यांतून पू आला. डॉक्टरांना काही टाके उघडावे लागले. तीन आठवडे रोज पट्टी बदलायला दवाखान्यात जावं लागलं. हंगामाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

हळदीनंच झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. अपेंडिक्स फुटलं की आतड्यातले जंतू पोटात पसरतात, म्हणून अशा जखमेला मुळातच धोका जास्त. त्यात आपल्या हातानं भर घालू नये, एवढंच.

मग करायचं काय? जखमेला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे, बाईनंही आणि घरच्यांनीही. पट्टी कोरडी ठेवायची. ओली झाली किंवा सुटली तर दवाखान्यात दाखवायची. हळद, तेल, राख, पावडर काही लावायचं नाही. आंघोळ कधी करायची, हे घरी येतानाच विचारून घ्यायचं. गोळ्या बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. साखरेचा आजार असेल तर साखर ताब्यात हवी. तंबाखू, मिश्री बंद. डॉक्टर सांगतील तोवर पाण्याची गुंडी, चाऱ्याचा भारा उचलायचा नाही.

जखमेभोवती लाली पसरली, सूज वाढली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू किंवा वास आला, टाका उसवला, ताप भरला, पोट फुगलं किंवा उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखम वरून भरलेली दिसली तरी महिनाभर लक्ष ठेवा.

आमच्या गटानं आता एक ठरवलंय. ऑपरेशन झालेल्या बाईला परत दाखवायला जायचं असेल, तर गाडीभाड्याला गटातून लगेच पैसे द्यायचे, बैठकीची वाट पाहायची नाही. तुमच्याही गटात हा विषय काढा. आणि घरात बोलायची वेळ आली, तर माझ्यासारख्या गप्प बसू नका.