दोन नद्यांमधला कापूस आणि हिशेबाची वही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पाणी आले की शेतकऱ्याचे सगळे प्रश्न सुटतील, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. आपण कोरडवाहूवाले. मृग कोरडा गेला की दुबार पेरणी ठरलेली. पाण्याची आस आपल्याला नसेल तर कोणाला? पण ज्या कापूसवाल्यांच्या शेतात पाणी आले, त्यांचे पुढे काय झाले, तेही पाहू.

आफ्रिकेतल्या सुदान देशात निळी नाईल आणि पांढरी नाईल या नद्या खार्टूमला मिळतात. त्यांच्या मधला सपाट मुलूख म्हणजे गझिरा. अरबीत या शब्दाचा अर्थ बेट. आपल्या जंजिऱ्याचे मूळही तेच. जमीन आपल्यासारखीच काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगा पडणारी. लोक पावसावर ज्वारी पिकवीत आणि गुरे राखीत.

इंग्रजांना लँकेशायरच्या गिरण्यांसाठी लांब धाग्याचा कापूस हवा होता. १९२५ साली निळ्या नाईलवर सेन्नारचे धरण पुरे झाले. जमिनीचा उतार असा, की पंप न लावता पाणी चारीपर्यंत पोचते. पुढे मनागिलचा भाग जोडला गेला आणि ओलित वीस लाख एकरांवर गेले.

आता हिशेब बघा. सरकारने जमिनी सक्तीने भाड्याने घेतल्या आणि कसणाऱ्यांना कुळे केले. कापूस लावलाच पाहिजे, ही अट. विक्री कंपनीच्या हाती. सामाईक खर्च वजा जाता कुळाला ४० टक्के. बाकीचे सरकारने आणि कंपनीने वाटून घ्यायचे. निंदणी-वेचणीची मजुरी मात्र कुळाच्याच माथी. ज्वारीत कोणी वाटा मागत नसे, म्हणून घरात भाकरी तरी राहिली. १९३०च्या सुमारास पिकावर रोग पडला, जगभर भाव कोसळले आणि पाण्याखालचा शेतकरीही कर्जात बुडाला.

कुळांच्या नावाने एक राखीव निधी साठवला जात होता. पैसा त्यांचा, किल्ली दुसऱ्याची. १९४६ साली हजारो कुळांनी सांगितले, आमचा निधी द्या, नाहीतर कापूस पेरणार नाही. सरकारला बोलणी करावी लागली. आपल्याकडे १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. तिच्यातली भाव चढउतार निधीची कपात ज्यांनी सोसली, त्यांना यातले दुखणे वेगळे सांगायला नको.

१९५० साली कंपनी गेली, मंडळ आले. १९५६ साली देश स्वतंत्र झाला. साहेब बदलले, वही त्याच कपाटात राहिली. १९८१ साली सामाईक हिशेब मोडून प्रत्येकाचे खाते वेगळे केले आणि जमीन-पाण्याची आकारणी लावली. कापूस लावायचा की नाही, हे तरीही कुळाने ठरवायचे नव्हते.

अखेर २००५च्या कायद्याने पीक निवडण्याची मोकळीक दिली आणि चाऱ्या पाणी वापर संस्थांकडे सोपवल्या. त्याच २००५ साली महाराष्ट्रातही पाणी वापर संस्थांचा कायदा झाला. तिकडे निळी नाईल दरसाल इथिओपियाच्या डोंगरातला गाळ आणत असे. तो काढायला पैसा नव्हता, यंत्रे नव्हती. कालवे गाळाने आणि गवताने भरले. जबाबदारी दिली, साधने दिली नाहीत. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाण्याविना स्वातंत्र्य मिळाले. त्यावर एप्रिल २०२३ मध्ये यादवी युद्ध पेटले. डिसेंबरात वद मदनी शहर निमलष्करी दलाच्या हाती गेले. जानेवारी २०२५ मध्ये ते सैन्याने परत घेतले. मधल्या काळात शेती उद्ध्वस्त झाली.

म्हणून पाणी नको, असे आम्ही म्हणत नाही. पाणी हवेच. पण गावात कालव्याची मोजणी सुरू झाली, की तीन प्रश्न विचारा. पीक कोण ठरवणार? हिशेबाची वही कोणाकडे राहणार? आणि दहा वर्षांनी चारीतला गाळ कोण, कोणाच्या पैशाने काढणार? उत्तरे लेखी घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. कालवा खोदून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही.