कापणीच्या तोंडावर

(रेडिओवरील भाषण)

३१ जानेवारी २०२० रोजी एफसी गोवा या फुटबॉल क्लबने आपले मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना पदावरून दूर केले. संघ तेव्हा इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात पहिला होता. साखळीतले १५ सामने खेळून झाले होते, ३ उरले होते, आणि नुकत्याच झालेल्या सामन्यात संघाने ओडिशाला ४-२ असे हरवले होते. हरणाऱ्या संघाचा कोच घरी जातो, हे फुटबॉलच्या प्रेक्षकाला नवे नाही. पहिल्या क्रमांकावरच्या संघाचा कोच तीन सामने उरले असताना जातो, तेव्हा मात्र तो प्रेक्षक गोंधळतो, चिडतो, आणि बराच काळ मनातून सावरत नाही. ही जी भावना आहे तिला गुणतक्त्यात रकाना नाही. म्हणूनच तिचा वेगळा विचार करावा लागतो.

लोबेरा स्पेनचे, बार्सिलोनाच्या तालमीत घडलेले. ते २०१७ मध्ये गोव्यात आले. चेंडू आपल्या पायाशी राखायचा, गोलरक्षकापासून छोट्या छोट्या पासांनी चाल रचत न्यायची, आणि एक गोल खाल्ला तर दोन करायचे, असा त्यांचा खेळ होता. फातोर्ड्याच्या, म्हणजे गोव्याच्या घरच्या मैदानावरच्या, प्रेक्षकाला तो लगेच आपला वाटला. फेरान कोरोमिनास, म्हणजे सगळ्यांचा कोरो, याने पहिल्या हंगामात १८ आणि दुसऱ्यात १६ गोल केले आणि दोन्ही वर्षे सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. दुसऱ्या हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर जादा वेळेत राहुल भेके याच्या गोलमुळे तो सामना बेंगळुरूने १-० असा जिंकला. पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला गोव्याने सुपर कप घेतला. मंदार राव देसाई हा गोव्याचा मुलगा आधी पुढच्या फळीत, कडेने धावणारा होता. लोबेरांनी त्याला मागे, डाव्या बाजूच्या बचावात आणले आणि तो तिथला पक्का खेळाडू झाला. तीन हंगाम म्हणजे फार काळ नव्हे, असे कुणी म्हणेल. या लीगमध्ये तो मोठाच काळ आहे. इथे पुष्कळ परदेशी प्रशिक्षक एक दिवाळी पाहून दुसरीच्या आत परततात.

लोबेरांच्या जागी क्लिफर्ड मिरांडा आले. ते गोव्याचे, तिथल्याच धेंपो क्लबकडून वर्षानुवर्षे खेळलेले, देशासाठी खेळलेले. उरलेले तिन्ही सामने संघाने जिंकले. हैदराबादवर ४-१, मुंबईवर ५-२, आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला जाऊन ५-०. एकूण ३९ गुण झाले, साखळीतले अव्वल स्थान पक्के झाले, आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब हा मान गोव्याला मिळाला. कागदावर पाहिले तर निर्णय बरोबर ठरला. नेमकी इथेच ऐकणाऱ्याची गफलत होते. समर्थकाचे दुखणे पराभवाचे नव्हतेच, त्यामुळे ते विजयाने बरे होणारही नव्हते.

हे समजायला आपल्या पालघर जिल्ह्यातल्या मनोरपेक्षा चांगली जागा नाही. मस्तान नाक्यावरून पालघरच्या रस्त्याला लागले की पावसाळ्यात दोन्ही अंगांना भातखाचरे दिसतात. त्या भाताची सुरुवात पावसाने होत नाही. उन्हाळ्यातच पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून राब भाजावा लागतो. पाऊस आला की त्या राबात बी पडते. रोप वर आले की चिखलणी, मग आवणी, दिवसभर कमरेत वाकून, पाठीवर इरले किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन. मग निंदणी, पाण्याची राखण, खेकड्यांनी पाडलेली बांधाची भोके बुजवणे. भात पोटरीत येते, निसवते, दाणा आधी दुधात असतो, मग भरतो, आणि शेत पिवळे पडते. आता आठ दिवसांत विळा लावायचा. अशा वेळी मालकाने राब भाजणाऱ्या माणसालाच बांधावरून परत पाठवले आणि विळा दुसऱ्याच्या हाती दिला, असे समजावे. हा दुसरा माणूसही घरचाच आहे, कष्टाळू आहे. तो भात नीट कापतो, भारे बांधतो, खळ्यावर झोडतो. कणगी भरते.

कणगीत डोकावणाऱ्याला काहीच बिघडलेले दिसणार नाही. पण शेजारच्या खाचरातून ज्यांनी त्या पहिल्या माणसाला आषाढाच्या पावसात वाकलेले पाहिले आहे, त्यांच्या घशात घास अडकतो. फातोर्ड्याचे समर्थक हे असे शेजारी होते. फोर्सा गोवाच्या आरोळ्या देत त्यांनी तीन वर्षे आवणी पाहिली होती. भात भरपूर झाले याचा त्यांना आनंद होता, क्लिफर्डसारखा आपला माणूस उभा राहिला याचा तर अभिमान होता. आणि तरीही मन खट्टू होते. या दोन गोष्टी एका मनात एकत्र राहतात. क्लब चालवणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना वाटते, करंडक दाखवला की प्रश्न मिटला.

भाताची गोष्ट अजून संपलेली नाही. जाणत्या शेतकऱ्याचे लक्ष कणगीपेक्षा पुढच्या वर्षाच्या बियाण्यावर असते. पुढच्या हंगामात लोबेरा मुंबई सिटी एफसीचे प्रशिक्षक झाले, आणि गोव्याचे बियाणे त्यांच्यामागून गेले. मोरोक्कोचा अहमद जाहू, सेनेगलचा मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमूस आणि खुद्द मंदार राव देसाई, चौघेही मुंबईच्या निळ्या जर्सीत दिसले. ते वर्ष करोनाचे होते. सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाले. मार्च २०२१ मध्ये उपांत्य फेरीत मुंबई आणि गोवा समोरासमोर आले. पहिला सामना २-२, दुसरा गोलशून्य, आणि शेवटी पेनल्टींवर मुंबई ६-५ अशी जिंकली. १३ मार्चला फातोर्ड्यावरच झालेल्या अंतिम सामन्यात बिपिन सिंग याने अगदी शेवटच्या मिनिटाला गोल केला आणि मुंबईने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवले. साखळीतले अव्वल स्थान मुंबईने आधीच घेतले होते. एकाच हंगामात दोन्ही मान मिळवणारा तो पहिला संघ. जे पीक गोव्यात रुजले ते मुंबईच्या खळ्यावर झोडले गेले, आणि तेही गोव्याच्याच मैदानात, गोव्याचा एकही प्रेक्षक आत नसताना.

पालघर, बोईसर, मनोर या पट्ट्यातला फुटबॉलवेडा माणूस बहुधा मुंबई सिटीच्या बाजूचा. अंधेरीच्या मैदानावर रात्रीचा सामना पाहायचा म्हणजे आधी पालघर किंवा बोईसर गाठायचे, मग लोकल, आणि परतताना मध्यरात्र. तारापूरच्या कारखान्यांत आणि अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीत केरळ-बंगालची माणसेही आहेत, त्यांचे क्लब वेगळे. मुंबईच्या बाजूच्या या माणसाला लोबेरा म्हणजे लाभ झाला. पण त्याने एवढे लक्षात ठेवावे की त्याचा तो आनंद दुसऱ्याच्या अंगणातून आला होता. प्रशिक्षक गमावण्याचा अनुभव पुढे त्यालाही आलाच. २०२१ च्या ऑक्टोबरात लोबेरा मुंबई सोडून गेले. नंतर आलेल्या डेस बकिंगहॅम यांनी मुंबईला एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघावर २-१ असा विजय मिळवून दिला. एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय. तेही नोव्हेंबर २०२३ मध्ये, हंगाम चालू असताना, इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. त्यांना कुणी काढले नव्हते, ते स्वतः गेले. अशा वेळी मन वेगळ्या तऱ्हेने दुखते.

गोव्यालाही हा दुसरा प्रकार माहीत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये प्रशिक्षक ह्वान फेरांडो करारातल्या कलमाचा आधार घेऊन हंगामाच्या मध्यावर एटीके मोहन बागानला गेले, तेव्हा तेच समर्थक प्रशिक्षकावर संतापले. म्हणजे समर्थक नेहमी प्रशिक्षकाच्याच बाजूचे असतात असे नाही. जो अर्ध्या वाटेवर हात सोडतो त्याच्यावर ते रागावतात, मग तो क्लब असो की प्रशिक्षक. 

आता उलटे उदाहरण. भारतीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना १७ जून २०२४ रोजी पदमुक्त करण्यात आले. ते मे २०१९ पासून पदावर होते. त्यांच्या काळात भारताने दोनदा दक्षिण आशियाई संघांची सॅफ स्पर्धा जिंकली. पण मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने भारताला २-१ असे हरवले, आणि ११ जूनला दोहात कतारनेही २-१ असे हरवले. त्या सामन्यात चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना कतारला गोल बहाल झाला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून भारत बाहेर पडला. इथे बहुतेक समर्थकांना बदल हवाच होता. तरीही शेवट वाईट झाला. जाहीर आरोप झाले, पैशांचा वाद झाला, आणि पुढे भारतीय फुटबॉल महासंघाने ४ लाख डॉलरवर तडजोड केली. स्टिमॅक यांना काढण्याच्या अकराच दिवस आधी, ६ जूनला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर भारताचा कर्णधार सुनील छेत्री याने देशाच्या संघातून निवृत्ती घेतली होती. कुवेतविरुद्ध गोल झाला नाही, सामना बरोबरीत सुटला, पण हजारो माणसे उभी राहिली, रडली, आणि मनाने मोकळी होऊन घरी गेली. खेळाडूला निरोप द्यायचा असतो हे या देशाला समजते. प्रशिक्षकाला निरोप द्यायचा असतो हे अजून समजलेले नाही.

इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने क्लॉडिओ रानिएरी यांना २३ फेब्रुवारी २०१७ रोजी काढले. त्यांनीच नऊ महिन्यांपूर्वी त्या क्लबला इतिहासातले पहिले लीग विजेतेपद मिळवून दिले होते. संघ घसरणीला लागला होता, खालच्या श्रेणीत जाण्याची भीती होती, आणि चार दिवसांनी नव्या माणसाच्या हाताखाली संघाने लिव्हरपूलला ३-१ असे हरवलेही. त्याच सामन्यात प्रेक्षकांनी रानिएरींच्या चेहऱ्याचे मुखवटे हाती धरले, आणि ते ६५ वर्षांचे म्हणून ६५ व्या मिनिटाला मोबाइलचे दिवे लावले. संघ जिंकत असताना माणसे गेलेल्या माणसासाठी दिवे लावत होती. विजयाने हे दुखणे बरे होत नाही, हे वर सांगितले ते यासाठीच. क्लबने निरोप दिला नाही तर प्रेक्षक आपल्या परीने देतात.

आता पुन्हा गोव्याकडे. तिथे खऱ्या अर्थाने दीर्घकाळ टिकलेला प्रशिक्षक म्हणजे आर्मांडो कुलासो. धेंपोने राष्ट्रीय पातळीवरची पाच विजेतेपदे मिळवली, २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत, आणि ती पाचही त्यांच्याच हाताखाली. क्लिफर्ड मिरांडा त्याच संघातले, म्हणजे त्याच राबातले रोप. २०१३ मध्ये कुलासो आणि धेंपो यांची वाट वेगळी झाली. दोन वर्षांनी, २०१४-१५ च्या हंगामात, धेंपो आय-लीगमधून खालच्या श्रेणीत गेला. एकामुळे दुसरे झाले असे म्हणता येणार नाही, क्लबच्या घसरणीला अनेक कारणे असतात. द्रोणाचार्य पुरस्कार कुलासोंना मिळाला तो २०२५ च्या जानेवारीत. 

यावरून प्रशिक्षकाला कधी काढूच नये, असा अर्थ कुणी घेऊ नये. क्लबचा तो अधिकार आहे, आणि कधी कधी ते कर्तव्यही असते. बंद दाराआड मतभेद होतात, ते सगळे चव्हाट्यावर मांडता येत नाहीत. पण शेतमालकालाही आवणी करणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो, आणि जाताना ओंजळभर नवे तांदूळ त्याच्या पदरात घालावे लागतात. ही रीत आहे. तिकीट काढून, शेवटची गाडी चुकवून, उपाशीपोटी मैदानात उभा राहिलेला माणूस त्या प्रशिक्षकाला आपला मानतो, ते क्लबनेच त्याला शिकवलेले असते. मग एका संध्याकाळी चार ओळींचे निवेदन काढून ते नाते तोडता येत नाही. तीन-चार साध्या वाक्यांत कारण सांगावे. सगळे नाही, पण खरे सांगावे.

लोबेरा पुढे २०२३ मध्ये ओडिशाचे प्रशिक्षक झाले, आणि जाहू व फॉल तिथेही त्यांच्यासोबत गेले. फातोर्ड्यावर पुन्हा भरलेले कट्टे होते, लोबेरा समोर होते, पण पाहुण्या संघाच्या बाकावर. क्लब चालवणाऱ्यांनी यापुढे एवढे करावे. प्रशिक्षकाला काढायचे असेल तर काढावे, पण घरच्या मैदानावरच्या पुढच्या सामन्याआधी त्याला बोलवावे, आणि त्याच्याकडे पाहून उभे राहायला प्रेक्षकांना दहा मिनिटे द्यावीत.