आमचा सहलीचा कॅमेरा
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मला उभे राहून बोलण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. या मंडळात आजवर मी चकल्या तळल्या, संक्रांतीच्या वाणाला पिशव्या शिवल्या, पण माइकसमोर आले ती आजच. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही कॅमेरा घेतलात ना, त्यावरच बोला. सुट्टीत सगळ्याजणी कुठे ना कुठे जाणारच आहेत." मी म्हटले, यावर मी काय बोलू? पण कॅमेरा घेताना मी चार दुकाने हिंडले आणि चार गोष्टी नव्याने शिकले, त्या सांगायला हरकत नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

कॅमेऱ्याची गोष्ट सुरू होते ती आमच्या मामंजींच्या फोटोपासून. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही सगळी पन्हाळ्याला गेलो होतो. फोटो सगळे ह्यांच्या फोनमध्ये. पुढे तो फोन एकदा बादलीत पडला. दुरुस्तीहून परत आला तो चालू होऊन आला, पण आतले सगळे पुसून. तेव्हा कुणाला एवढे वाटले नाही. २०२१ साली मामंजी गेले, आणि भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो तेव्हा डोळे उघडले. नणंदेला व्हॉट्सॲपवर पाठवलेला एकच फोटो उरला होता. तीन दरवाजापाशी आम्ही अकरा माणसे उभी, आणि कडेला मामंजी हसताहेत. स्टुडिओवाल्यांकडे तो मोठा करायला नेला तर चेहऱ्याचे नुसते चौकोन चौकोन झाले. शेवटी पेन्शनच्या कागदासाठी काढलेला लहान फोटो मोठा करून चौकटीत बसवला. आयुष्यभर हसतखेळत राहिलेला माणूस आमच्या भिंतीवर रागावून बसला आहे.

त्या स्टुडिओवाल्यांनी मला त्या दिवशी एक गोष्ट फार चांगली समजावून दिली. ते म्हणाले, "ताई, फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल." अल्बममध्ये लावतो तो चार बाय सहा इंचांचा फोटो स्वच्छ यायला इंचाला तीनशे ठिपके धरायचे. म्हणजे एका बाजूला १२०० आणि दुसऱ्या बाजूला १८००. गुणाकार मी घरी येऊन वहीत केला, २१ लाख ६० हजार झाले. म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या थोडे वर. भिंतीवरच्या आठ बाय दहाला ७२ लाख लागतात. हल्लीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत याच्या दुपटीहून जास्त असतात. तेव्हा दुकानदार वीस आणि चोवीस मेगापिक्सेलच्या गोष्टी सांगू लागला तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. आमचे चुकले ते दुसरीकडेच. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान होऊन जातो. त्यात अकरा माणसे, मग एकेकाच्या चेहऱ्याच्या वाट्याला ठिपके किती यायचे?

आता सहलीकडे येते. सासूबाईंचे माहेर गुहागर तालुक्यात, हेदवीजवळ. त्यांचा भाचा मुंबईला असतो. घर वर्षभर बंद, गणपतीत आणि मे महिन्यात तेवढे उघडायचे. त्याने कळवले की कौलारू घर आता उतरवणार, स्लॅबचे बांधणार. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस त्यांना जेवण गेले नाही. तेव्हाच ह्यांनी ठरवले की २०२४ च्या डिसेंबरात सगळ्यांनी मिळून तिकडे जायचे. मी ठरवले की माझ्या भिशीच्या अठरा हजारांत कॅमेरा घ्यायचा. का घ्यायचा ते मी कुणाला सांगितले नाही. अशा गोष्टी घरात तोंडाने बोलता येत नाहीत.

मुलगा म्हणाला, "आई, फोन असताना कॅमेरा कशाला? फोनचे फोटो कितीतरी चांगले येतात." त्याचे म्हणणे खोटे नाही. आजचे फोन एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक फोटो टिपून आतल्या आत जोडतात, म्हणून रात्रीसुद्धा चेहरा उजळ येतो. ज्यांच्याकडे चांगला फोन आहे त्यांनी खुशाल त्यावरच भागवावे. पण आमच्या सासूबाईंसमोर फोन धरला की त्यांना वाटते, मुलीचा व्हिडिओ कॉल आला. लगेच पदर डोक्यावर, आणि मोठ्याने विचारायचे, "जेवलात का गं सगळी?" फोनवरचा त्यांचा प्रत्येक फोटो तोंड उघडे असलेला आहे. त्या इथे पहिल्या रांगेतच बसल्या आहेत, विचारा हवे तर.

पहिल्या दुकानात छोटा कॅमेराच नव्हता. काचेच्या कपाटात नुसते फोन. पोरगा म्हणाला, "काकू, हल्ली तो माल येत नाही." मुलाने मग वाचून सांगितले की २०१० साली जपानी कंपन्यांनी बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते. २०२३ साली तोच आकडा एक कोटीच्याही खाली आला. फोनने सगळे खाल्ले. म्हणून आता घ्यायला गेले तर निवड थोडी असते.

दुसऱ्या एका मोठ्या दुकानात मात्र एक कॅमेरा होता, लांब नळीचा. दुकानदार म्हणाला, "यातून चंद्रावरचे डाग दिसतात." मी म्हटले, "चंद्र आम्हाला गच्चीवरूनही दिसतो, घरातल्या माणसांसाठी काय आहे?" मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. पण तिथे एक गोष्ट कळली. झूम दोन प्रकारचा असतो. भिंगे पुढेमागे सरकून जो जवळ आणतो तो खरा, त्याला ऑप्टिकल म्हणतात. दुसरा डिजिटल. त्यात चित्राचा मधला तुकडा कापून ताणतात एवढेच. म्हणजे पोळी ताणून मोठी केली तरी कणीक तेवढीच. खोक्यावर मोठा आकडा दिसला की तो कुठला, हे आधी विचारा.

शेवटी कॅमेरा मिळाला तो त्या स्टुडिओवाल्यांकडेच. त्यांचा स्वतःचा वापरलेला छोटा कॅमेरा, खिशात मावणारा. झूम फक्त साडेतीन पटींचा. सगळे म्हणाले, चंद्रवाला सोडून हा काय घेतेस? पण स्टुडिओवाल्यांनी विचारले, "ताई, फोटो कुठे काढायचे आहेत?" मी म्हटले, "कोकणातल्या घराच्या माजघरात." ते म्हणाले, "मग हाच." कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी एक चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. लांब नळीच्या कॅमेऱ्यातली सुमारे सहा मिलिमीटर बाय साडेचार, आणि याची तेरा बाय नऊ. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त जमेल? तसेच उजेडाचे. परात चौपट मोठी.

पण वापरलेली वस्तू घ्यायची म्हणजे भाजीसारखी पारखून घ्यायची. मी कॅमेरा एक दिवस घरी मागून आणला. भिंग उजेडाकडे धरून पाहिले, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू असले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती हटकून धरते. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग दिसतात का पाहिले. नळी वीसदा आतबाहेर केली, करकर ऐकू आली नाही. बॅटरी फुगलेली नाही ना, ते बोट फिरवून पाहिले. आणि संध्याकाळी सगळे दिवे घालवून देवघरातल्या समईचा फोटो काढला. फ्लॅश न लावता. समईमागची भिंतसुद्धा दिसत होती. दुसऱ्या दिवशी पैसे देऊन आले. जुनी बॅटरी दमली असणार म्हणून एक नवी घेतली, आणि बत्तीस जीबीची दोन कार्डे. एकाच कार्डावर सहा हजार फोटो मावतात, तरी दोन घेतली, कारण मला आता एकाच बादलीची भीती वाटते.

कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागर. गुहागरच्या किनाऱ्यावर पहिलीच फजिती. उन्हात मागचा पडदा काळा दिसतो, काही म्हणजे काही कळत नाही. या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी नाही. ती विचारून घ्यायला हवी होती, माझ्या लक्षातच आले नाही. मग मी पदर डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढून घेतला आणि फोटो काढले. मुले हसून लोळली. हे म्हणाले, जुन्या काळचा फोटोवाला आला. हेदवीच्या बामणघळीत भरतीचे पाणी उसळून वर येते, तिथे कॅमेरा पिशवीतून काढायला मी भ्याले आणि जोराची लाट गेली ती गेलीच. पण खारे पाणी आणि वाळू या कॅमेऱ्याचे वैरी, नळीत एक कण गेला तरी ती अडकते. तेव्हा भ्याले ते बरेच झाले असे आजही वाटते.

माहेरचे घर उघडले तेव्हा दुपार होती, तरी माजघरात अंधार. सासूबाई गप्पच होत्या. हाताने चाचपत खांबापाशी गेल्या, खुंटीवर हात ठेवला, म्हणाल्या, "इथे माझं दप्तर असायचं." कॅमेरा मी एका पालथ्या डब्यावर टेकवला होता, कारण अंधारात कॅमेरा हलला की फोटो फिसकटतो. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असा टायमर लावला होता, म्हणजे बोटाचा धक्काही नको. त्यांना काही कळत नाही असे मी समजत होते. एकाएकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, हा कॅमेरा तू कशाला घेतलास ते मला ठाऊक आहे."

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"काढ की. पण हसताना काढ. तुझ्या मामंजींसारखी पेन्शनीला बसवू नकोस मला." आणि स्वतःच खळखळून हसल्या. मी डबा-टायमर सगळे विसरून कॅमेरा हातात घेऊन बटण दाबले. तो फोटो थोडा हलला आहे. त्यानंतर त्यांनी चुलीपाशी, विहिरीवर, पडवीत, जिथे म्हणेन तिथे बसून दिले, ते सगळे स्वच्छ आले आहेत. मोठा करायला त्यांनी निवडला मात्र तो हललेलाच.

घरी आल्यावर फोटो संगणकावर आणि एका वेगळ्या डिस्कवर, असे दोन ठिकाणी उतरवले, मगच कार्ड पुसले. साठ फोटो छापून घेतले. त्यांत मी फक्त दोनांत आहे. कॅमेरा माझ्याच हातात, दुसरे काय होणार? दहा सेकंदांचा टायमर लावून धावत जाऊन उभे राहता येते, हे मुलीने मला परतीच्या दिवशी सांगितले. तुम्ही ते आधीच शिकून घ्या. आता कॅमेरा हवाबंद डब्यात ठेवते, औषधांच्या बाटल्यांत निघतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून. तुमच्याकडे असतील तर टाकू नका, मला द्या.

अल्बम मी चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवला आहे. चिवड्याची बशी आधी खाली ठेवा, हात पुसा, मग बघा.