जंगलातलं माहेर

गेल्या जानेवारीत आमच्या गटातल्या अकरा जणींनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आणि दोन दिवस जंगल बघून आलो. देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही, बायका नुसती जनावरं बघायला निघाल्यात, म्हणून घरोघरी थोडं हसं झालं. ते असो.

पहिल्या दिवशी साताऱ्याहून उंब्रज, पाटण करत कोयनानगरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघालो. कराड, शिराळा, कोकरूड, आरळा करत मणदूर गाठलं. साताऱ्याचं कोयना अभयारण्य आणि सांगलीकडचं चांदोली, ही दोन्ही जंगलं 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. वाघ दिसला का, हे आम्हाला सगळ्यांनी विचारलं. नाही दिसला. डिसेंबर 2023 मध्ये इथं कॅमेऱ्यात एक वाघ आला तर त्याची बातमी झाली होती, यावरून काय ते समजा. शिवाय हे रान ताडोब्यासारखं पानगळीचं नाही. बराचसा भाग बारमाही हिरवा आणि दाट. दहा पावलांवर सांबर उभं असलं तरी कळत नाही. इथं कान उघडे ठेवायचे आणि जमिनीवरचा माग बघायचा.

गेटवर नोंद केली, पैसे भरले, गाइड दादा घेतले आणि आतल्या जीपमध्ये बसलो. आत चूल पेटवायची नाही, म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती.

आमच्यात एक आक्का आहेत. साठी उलटलेली. जीप सुरू झाली तशा त्या बोलायला लागल्या. खोडावरचे ओरखडे अस्वलाचे, ते शेण गव्याचं आणि आज सकाळचं, फांदीच्या बेचक्यातलं ते काटक्यांचं गाठोडं म्हणजे शेकरूचं घर. एकदा दरीतून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला. आम्ही म्हटलं, इथं कुत्रं कुठलं? आक्का म्हणाल्या, "भेकर हाय ते. बिबट्या बघितला असंल." गाइड दादा वळून बघायला लागले. म्हणाले, "मावशी, तुम्ही कुठल्या?"

तेव्हा कळलं की आक्कांचं माहेर याच जंगलातलं. चांदोली 1985 साली अभयारण्य झालं, 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं. त्या काळात आतली गावं उठली आणि खाली मैदानात वसवली गेली. इतकी वर्षं आमच्याबरोबर बसून आक्का हे कधी बोलल्या नव्हत्या. आम्हीही विचारलं नव्हतं, हे कबूल करतो.

पुढं एका वळणावर रानातच ओळीनं चार फणस दिसले. आक्कांनी जीपच्या दांडीला घट्ट धरलं. जंगलात अशी ओळ आपोआप उगवत नाही, ती कुणीतरी लावलेली असते. गाइड दादांनी इंजिन बंद केलं. झुडपांत घराचं जोतं होतं, दगडावर शेवाळ चढलेलं. खाली जिथं भाताची खाचरं होती तिथं गवत माजलेलं आणि त्यात गवे चरत होते. आम्ही मोजले, सात. एक वासरू. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात ते.

खाली उतरायला परवानगी नसते. आक्कांनी ती मागितलीही नाही. आमच्यातली एक म्हणाली, "दादा, दोन मिनिटं उतरू द्या की त्यांना." आक्कांनीच तिचा हात दाबला. "गवं बिथरतील. वासरू हाय बरोबर."

दहा मिनिटं आम्ही कुणीच बोललो नाही. एका मोठ्या गव्यानं मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि परत गवतात तोंड घातलं. आक्का एवढंच म्हणाल्या, "आमच्या म्हशी पण हितंच चरायच्या."

परतताना गाडीत रोजच्यासारख्या गप्पा रंगल्या नाहीत. आक्कांचा राग आहे का, ते आम्हाला नीट कळलं नाही, आणि खोदून विचारणं बरं दिसलं नाही. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, म्हणून पुढची फेरी दिवाळीनंतर ठरवलीय. आक्कांनी आताच तीन जागा धरून ठेवायला सांगितल्यात, एक त्यांची आणि दोन नातवंडांच्या.