साथीदारांचीही नावं लिहा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमचे बाबा गायन पार्टीत पेटी वाजवायचे. ढोलकीला शेजारचे मामा, बेंजोला समोरच्या चाळीतले काका, कोरसला दोघेजण. पाळी सुटली की १४ एप्रिलसाठी तालीम चालायची. बिदागी मिळालीच तर ढोलकी मढवण्यात जायची. अक्षर न ओळखणाऱ्या आयाबायांना २२ प्रतिज्ञांचा अर्थ या लोकांनी गाण्यातून सांगितला.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) सर्वांना ठाऊक आहेत. पण गल्लोगल्ली साथ करणाऱ्यांची नावं कुठं लिहिली आहेत? त्यांच्या गाण्यांच्या वह्यांना माळ्यावर वाळवी लागतेय. बांधवांनो, त्या रद्दीत घालू नका. विहारात आणून द्या. पहिल्या पानावर प्रत्येक साथीदाराचं नाव लिहा. तेच त्यांना खरं अभिवादन ठरेल.

नमो बुद्धाय! जयभीम!