घर घेताना शाळेचा रस्ता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात बेहाला येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून घर आणि शाळा हा निव्वळ संसारी विषय आम्ही का काढला, असे काहींना वाटेल. परंतु परप्रांतात मराठी माणूस किती काळ टिकणार, याचा निर्णय बहुधा सभागृहात होत नसून प्रमोटरच्या कचेरीत होतो, असे आमचे मत आहे. पूर्वी येथे येणारा गृहस्थ कंपनीच्या क्वार्टरात किंवा भाड्याच्या जागेत दिवस काढी आणि निवृत्त होताच पुण्या-साताऱ्याकडे परते. आज चित्र पालटले आहे. बदलीवर आलेले नोकरदार असोत, की सोन्याच्या गलाईसाठी खानापूर-आटपाडीकडून आलेली कुटुंबे असोत, पुष्कळांनी येथेच राहण्याचे ठरविले आहे. आणि त्यांतील काहींचे डोळे बेहाल्यातील फ्लॅटकडे लागले आहेत.

अमेरिकेतील आपले आप्त घर पाहताना प्रथम शाळेची हद्द पाहतात. तेथे सरकारी शाळेतील प्रवेश बहुशः राहत्या पत्त्यावर ठरतो, आणि हद्दीच्या अलीकडील घराला पलीकडील घरापेक्षा अधिक किंमत येते. आपल्याकडे असा कायदा नसला, तरी तशी वृत्ती होतीच. पार्ले टिळक विद्यालय 1921 साली निघाले, शिवाजी पार्कचे बालमोहन 1940 साली. या शाळांच्या छायेत बिऱ्हाड असावे म्हणून दोन खोल्यांत दाटीने राहिलेली कुटुंबे आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात असतील.

बेहाल्यात पत्ता आपल्याला काय देतो, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शेजारच्या शाळेची कल्पना आणली. केंद्राच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि सहावी ते आठवी तीन किलोमीटर असे अंतर सांगितले आहे. पण हे बंधन सरकारवर आहे: तेवढ्या टापूत शाळा असली पाहिजे. आपण ज्या शाळेच्या समोर घर घेतले, तीच शाळा आपल्या मुलास घेईल, असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या संस्थांना या कायद्यातून वगळले. कलकत्त्यातील नामांकित मिशनरी शाळा त्यांतच मोडतात. केंद्रीय विद्यालयात प्रथम पाहिली जाते ती पालकाची नोकरी. तेव्हा “शाळा पाच मिनिटांवर” असे प्रमोटर म्हणतो, तेव्हा ती पाच मिनिटे कोणाची आणि त्या शाळेचे दार कोणासाठी उघडे, हे त्याला विचारावे. तो बहुधा चहा मागवील.

घर घेताना आईबाप पहिलीच्या प्रवेशाचा विचार करतात. पाचवी ते आठवीचा करीत नाहीत. खरी परीक्षा तेथेच असते. बंगालमध्ये सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळा परंपरेने चौथीला संपते आणि पाचवीपासून मूल हायस्कुलात जाते. अलीकडे पाचवीचा वर्ग टप्प्याटप्प्याने प्राथमिककडे वळविला जात आहे. तेथे हा बदल एका वर्षाने पुढे जाईल, एवढेच. हायस्कूल अनेकदा मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. म्हणजे काल हात धरून जाणारी भावंडे उद्या दोन दिशांना. शिवाय याच वयात मूल पूलकार नको म्हणू लागते, ऑटोने किंवा पायी एकटे जाऊ पाहते, शिकवणीस संध्याकाळी बाहेर पडते. म्हणून नकाशावरील अंतरापेक्षा मधला रस्ता महत्त्वाचा.

बेहाल्याचा सारा व्यवहार डायमंड हार्बर रोड या एका रस्त्यावर ओवलेला आहे. तारातला, बेहाला बाजार, चौरस्ता, सखेर बाजार, ठाकुरपुकुर, जोका: मणी निराळे, दोरा एक. 4 ऑगस्ट 2023 च्या सकाळी चौरस्त्याजवळ शाळेस निघालेले एक लहान मूल मालवाहू गाडीखाली सापडून गेले. त्यानंतर सकाळच्या वेळी अवजड गाड्यांवर निर्बंध आले, कठडे लागले. तरीही ज्या घरापासून शाळेपर्यंत हा रस्ता ओलांडावा लागत नाही, ते घर थोडे महाग असले तरी घ्यावे, असे आम्ही निःसंकोच सांगतो.

शाळा शहरात असेल तर दुसरी चिंता. 4 सप्टेंबर 2018 रोजी माझेरहाटचा पूल कोसळला आणि डिसेंबर 2020 मध्ये नवा पूल खुला होईपर्यंत बेहाला जणू शहरापासून तुटले. त्या काळात पलीकडच्या शाळांत जाणाऱ्या मुलांना वळसे घालीत जावे लागले. 30 डिसेंबर 2022 रोजी जोका ते तारातला मेट्रोचे उद्घाटन झाले, 2024 साली ती माझेरहाटपर्यंत पोहोचली. त्यामुळे दिलासा आहे, पण एस्प्लनेडपर्यंतचा मार्ग अद्याप पुरा व्हावयाचा आहे. बेहाल्याचे सौरव गांगुली शिकले ते पार्क स्ट्रीटच्या सेंट झेवियर्समध्ये. चांगल्या शाळेसाठी पूल ओलांडण्याची चाल जुनीच आहे. मात्र प्रत्येक घरापाशी मोटार आणि चालक नसतो.

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. डायमंड हार्बर रोडला समांतर जाणाऱ्या रस्त्याला जेम्स लाँग यांचे नाव आहे. जेथून पूर्वी काळीघाट-फाल्ता ही छोटी रेल्वे धावे, तोच हा रस्ता. नीलदर्पण नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल 1861 साली एक महिन्याची कैद व हजार रुपये दंड सोसलेले हे पाद्री. त्यांनी ठाकुरपुकुर येथे बंगालीतून शिकविणारी शाळा चालविली. मुलास त्याच्या भाषेत शिकवावे, हा त्यांचा आग्रह. आज त्याच रस्त्यावर इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या आहेत, आणि आपल्या मुलांना दुसरी भाषा म्हणून बंगाली किंवा हिंदी घ्यावी लागते. मराठी या परिसरातील कोणत्याही शाळेकडून येणार नाही, ती घरातूनच यावयाची. देवघरला शिकलेल्या सखाराम गणेश देऊस्करांनी 1904 साली ‘देशेर कथा’ बंगालीत लिहिली आणि बंगालने त्यांना आपले मानले. त्याचा आम्हांस अभिमान आहे. आपल्या मुलांनी उत्तम बंगाली शिकावी, असेच आम्ही म्हणू. पण रोज दीड तास जाण्यात व दीड तास येण्यात गेला, तर संध्याकाळी उरतो तो गृहपाठ आणि जांभई. आजीस पत्र लिहिणे, मोठ्याने एखादे पान वाचणे, रविवारी हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासातील कार्यक्रमास उत्साहाने निघणे, यासाठी लागणारा वेळ पूलकारमध्येच सांडून जातो. दूरची नामांकित शाळा की जवळची साधी शाळा, हा प्रश्न मराठी कुटुंबाने या हिशेबानेही सोडवावा. आमचे पारडे जवळच्या शाळेकडे झुकते. मूल सातवीत असताना त्याचे सवंगडी त्याच पाड्यात राहत असतील, तर घराचे दारही अधिक वेळा उघडे राहते.

आणखी एक लहानशी सूचना. बेहाल्याचा बराच भाग सखल आहे. पावसाळ्यात गल्ल्यांत पाणी साचते. फ्लॅट हिवाळ्यातील रविवारी दाखवितात, तेव्हा सारे कोरडे व शांत असते. तेव्हा जुलै महिन्यात, शाळेच्या दिवशी, सकाळी शाळेच्या वेळी, मुलाचे दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन त्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत एकदा चालत जावे. मुलगी असल्यास संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा एकदा. शाळेत पाचवीस बाहेरची किती मुले घेतात, सोडत असते की नाही, हे कारकुनाला तोंडी न विचारता लेखी मागावे.

यंदा घर पाहणाऱ्या सभासदांनी चहापानानंतर आम्हांस अवश्य भेटावे. पर्णश्रीपासून ठाकुरपुकुरपर्यंतच्या गल्ल्या आम्ही पायाखाली घातल्या आहेत, सोबत चालू.